सकाळचे सात हात

खाडीच्या तळाची मोजणी करणारी ती बाई म्हणजे अगदी नाकासमोर चालणारी. आकडा दिसला तर खरं, नाहीतर सगळं झूट. हा खाक्या तिने धरला तो बारा वर्षांपूर्वी, बाबांची फेरीबोट वाळूत रुतली तेव्हापासून.

बाबा त्या बोटीचे कप्तान. त्या सकाळी भरतीत त्यांनी दोरीला बांधलेलं शिशाचं वजन सोडून खोली मोजली, भरतीचं पाणी वजा केलं आणि वहीत लिहिलं, ओहोटीला सात हात पाणी उरेल. दुपारी ओहोटीला बोट त्याच जागी टेकली. पाणी निघालं पाचच हात! चौकशीवाले म्हणाले, "वाळूला काय पाय फुटले? घरी बसून अंदाजपंचे आकडा ठोकलाय यांनी." बाबांची नोकरी गेली. लेकीने त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. विचारणार काय, कपाळ! तिलाही तेच वाटत होतं.

आता गंमत बघा. तिच्या कचेरीची मोजणी व्हायची ती कायम भरतीत. ओहोटीला धक्क्याजवळ बोट चिखलात बसते, मग कोण कशाला मरायला जातंय! वर्षानुवर्षं सगळे नकाशे भरतीचे, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एके दिवशी मोजणी आटोपून परतताना इंजिनाने मान टाकली. ते दुरुस्त होईस्तोवर पाणी उतरलं, धक्का गाठायला पुढच्या भरतीची वाट बघणं आलं. इंजिनवाला पेंगायला लागला. हिला कुठला धीर!

"माशा मारत बसण्यापेक्षा सकाळी ज्या रेघेवरून मोजत गेलो तीच पुन्हा मोजू."

"अहो बाई, तळ काय पळून जातोय?"

"बघू तरी!"

खोली मोजायच्या यंत्राच्या पडद्यावर तळ उमटला आणि ती पुढे वाकली. सकाळी वाळूचे उंचवटे नदीच्या बाजूला झुकलेले होते. आता त्यांनी चक्क पाठ फिरवली होती, सगळे समुद्राकडे. भरतीने वर लोटलेली वाळू ओहोटीने खाली ओढली होती, आणि सकाळी जिथे खळगा होता तिथे आता उंचवटा. भरतीचं पाणी वजा करूनही दोन हातांचा फरक! तिने आधी यंत्राला शिव्या घातल्या. ते तपासलं, तिसऱ्यांदा मोजलं. फरक तेवढाच. बाबांचे सात आणि पाच हात! तिने दोन्ही वेळच्या मोजणीचे कागद काढून घेतले.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. तिने दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. एक भरतीचा, एक ओहोटीचा. त्यांनी चष्मा पुसला, बोटाने एकेक उंचवटा चाचपला.

"म्हणजे मी वजन सोडलं होतं," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांचं ऐकून ऐकून मलाच खात्री राहिली नव्हती गं."

"बाबा, मलाही वाटलं होतं तुम्ही..."

"ठाऊक आहे. तू कधी विचारलंच नाहीस ना."

तिचे डोळे भरून आले. बाबांनी मात्र कागद पुन्हा उचलला.

"पण काय गं, पाणी फिरतं तेव्हा आधी हलतं उंचवट्याचं कुठलं टोक?"

"मोजलं नाही अजून."

"मग उद्या ओहोटी कितीला लागते?" असं म्हणत ते कपाटातलं शिशाचं वजन शोधायला उठले.