न दिसणारी खूण

मी रंगाचा डबा बोलतोय. चार लिटरचा, पत्र्याचा, तारेच्या कडीचा. पोटात आता रंगाचा थेंब नाही, पण अंगावरून ओघळलेले डाग आहेत आणि त्यांवरून मी कोण होतो ते अजून कळतं. माझ्यावर इंग्रजी अक्षरांत ‘ऑलिव्ह ग्रीन’ असं छापलेलं होतं.

नाव एका फळाचं, पण ते फळ या मुलखात झाडावर कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे ज्याला जे सुचलं ते नाव त्यानं मला दिलं. कुणी मिलिटरी कलर म्हणतं, कुणी शेवाळी. साडीच्या दुकानात म्हणे मला मेंदी कलर म्हणतात आणि बायका हौसेनं नेसतात. माझ्या मालकिणीनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ‘वाळल्या शेणाचा रंग’ म्हणाली. मी मनाला लावून घेतलं नाही. खोटं बोललो, घेतलं होतं.

साताऱ्यात इमामभाईंच्या रंगाच्या दुकानात मी आठ महिने खालच्या फळीवर बसून होतो. वरच्या फळीवरचे गुलाबी, पोपटी, आकाशी भराभर खपायचे. मला घराला कोण लावणार? देवळाला मी चालत नाही, लग्नघराच्या दाराला तर नाहीच. माणसाला डोळ्यांत भरणारा रंग लागतो, आणि माझं सगळं घराणं डोळ्यांत न भरण्यासाठी जन्माला आलेलं. गवतात, झुडपात, मातीत मिसळून जावं आणि कुणाला पत्ता लागू नये, हेच आमचं काम. पण साताऱ्याकडं फौजेतून परतलेली माणसं घरटी एक सापडतील, म्हणून इमामभाई माझ्यासारखे दोन डबे ठेवायचेच.

तसाच एक माणूस एक दिवस आला. हवालदार नानासो. फौजेतून सुटून त्याला जेमतेम महिना झाला होता आणि कागदपत्रांच्या कामाला तो साताऱ्यात आला होता. बरोबर त्याची लेक प्रांजल, तिथंच कॉलेजात शिकणारी. गेटाला लावायला चॉकलेटी रंग घ्यायला तो आला होता, पण खाली वाकला, मला पाहिलं आणि परगावात आपल्या गावचं माणूस भेटावं तसा हसला. चॉकलेटी राहिला बाजूला.

प्रांजलनं माझ्यावरचं नाव वाचलं. म्हणाली, हे फळ मी पिझ्झ्यावर खाल्लंय, खारट लागतं. मग मोबाइलमध्ये बघून तिनं आणखी सांगितलं, की याची फांदी म्हणजे शांततेची खूण मानतात, जगभर.

“मग बराबर हाय की,” नानासो म्हणाला. “शांतता राखायची ड्युटी कुनाची असती?”

मला कडीला धरून तो एस.टी.त चढला, आणि माझ्या रिकामपणाचे दिवस संपले.

त्याचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या पलीकडं, सांगली जिल्ह्याच्या शिवेला टेकलेलं. गवत गुडघाभर वाढलं की त्याला कौतुकानं रान म्हणावं, असा तो मुलूख. घराणं मेंढपाळाचं. थोरला भाऊ धनाजी अजून मेंढरं राखायचा आणि थोडी बाजरी करायचा. नानासो मात्र अठराव्या वर्षी भरती झाला तो चोवीस वर्षांनी घरी आला.

आल्या आल्या त्यानं आपली ट्रंक माझ्या रंगानं रंगवली. मग गेट रंगवलं, मग खाट, सायकल, पाण्याचं पिंप. शेवटी बादली रंगवली, आणि ती तुरीच्या कडेला ठेवली तर मंगलला, म्हणजे त्याच्या बायकोला, अर्धा तास सापडली नाही.

“आवं, घर हाय हे, छावनी न्हाई,” ती म्हणाली.

ती हसत होती, पण तिच्या पोटात काय होतं ते मला ओसरीवरून दिसायचं. नानासोला आपल्याच घरात साखरेचा डबा कुठं असतो ते ठाऊक नव्हतं. भावकीत कोण कुणाशी बोलतो, कोण बोलत नाही, याचाही पत्ता नव्हता. चहा घेतला की तो पाहुण्यासारखा कप हातात धरून बसायचा. म्हणून जे हाताला लागेल त्याला तो माझा रंग फासायचा. तेवढंच त्याला ओळखीचं वाटत असेल. मला त्याची फार दया यायची.

त्यातच खंडाळ्याहून त्याच्या जुन्या जोडीदाराचा फोन आला. तिकडं एका कारखान्यावर गार्डची जागा होती, राहायला खोली होती. नानासो तयारच झाला. मंगलच्या भाकरी त्या दिवशी जरा जोरात थापल्या गेल्या. लग्नापासूनची सगळी वर्षं त्या बाईनं सुट्ट्यांचे दिवस मोजण्यात काढली होती, आणि आता मोजायचं संपलं म्हणते तोवर माणूस परत निघाला.

तेवढ्यात धनाजीचं हर्नियाचं दुखणं उफाळलं. ऑपरेशन सांगलीला ठरलं. आठ-दहा दिवस मेंढरं कोण राखणार, असा प्रश्न आला तेव्हा नानासो पुढं झाला. धनाजी वळचणीला बसला होता, पोटावर हात दाबून.

“तुला वळखू येतील का रं? सगळी काळीच हायत.”

“चोवीस वर्सं मानसं सांभाळली, दादा. चोपन्न मेंढरं सांभाळीन.”

“मानसाच्या छातीवर नाव असतं, नाना,” धनाजी म्हणाला, आणि जीपमध्ये बसून सांगलीला गेला.

ते वाक्य नानासोला लागलं. त्यानं मंगलला सांगून टाकलं, की एक मेंढरू इकडचं तिकडं न होता दादाच्या हवाली केलं तर मी इथं राहतो, नाहीतर हे आपलं काम नव्हे, मी खंडाळ्याला जातो. मंगलनं त्या दिवसापासून मेंढरं त्याच्याहून जास्त वेळा मोजायला सुरुवात केली.

आता मूर्खपणा ऐका. मेंढरं चेहऱ्यानं ओळखता येत नाहीत, तर त्यांच्यावर खूण करावी, हे त्याला बरोबर सुचलं. मेंढपाळ करतातच तशी. कुणी पाठीवर लाल पट्टा ओढतो, कुणी शेपटीपाशी पिवळा ठिपका देतो. मंगल म्हणाली, दुकानातून लाल रंग आणा. पण घरात मी असताना दुसरा रंग कशाला, असं म्हणत यानं माझंच झाकण उघडलं. काळ्या लोकरीवर ऑलिव्ह! जो रंग दिसू नये म्हणून शोधला, त्याची खूण! मी डबा असून मला कळत होतं. पण मला विचारतो कोण?

मानेमागं चार बोटं रुंद पट्टा, असं त्यानं एकोणपन्नास मेंढरांना रंगवलं आणि मी संपलो. उरलेल्या पाचांसाठी त्यानं माझ्यात रॉकेल ओतून तळ खरवडला आणि ते पाणचट पाणी कसंबसं फासलं. मग मंगलनं मला राखेनं तीनदा घासलं, उन्हात वाळवलं आणि आत मूठभर मका टाकून नवऱ्याच्या हातात दिलं. म्हणाली, खायला घाला, म्हणजे तरी वळखतील तुम्हाला.

तिथून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. नानासो सकाळ-संध्याकाळ मला खुळखुळ वाजवायचा. पहिल्या दिवशी मेंढरं भेदरून पळाली. तिसऱ्या दिवशी उभी राहून बघायला लागली. पाचव्या दिवशी आवाज झाला की त्याच्या पायात घोटाळायची, आणि तो एकेकाला दोन-दोन दाणे द्यायचा. रंग होता तोवर मी मुका होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सातव्या दिवशी ते झालं. पाझर तलावावर पाण्याला गेलो असताना पलीकडून कोंडीबा आपली मेंढरं घेऊन आला. कोंडीबा सत्तरीचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण वीस मेंढरं अजून राखणारा. त्याची मेंढरंही काळी, खूण कसलीच नाही. कुठून तरी कुत्रं भुंकलं, नानासोची मेंढरं उधळली आणि थेट कोंडीबाच्या कळपात घुसली. बघता बघता चौऱ्याहत्तर मेंढरांची एकच काळी गर्दी झाली.

मेंढपाळांची तिथली रीत अशी, की ज्याचा कळप दुसऱ्यात शिरला त्यानं आपली मेंढरं ओळखून बाहेर काढायची. राहिली ती तिथंच राहतात, खरा ओळखणारा येईपर्यंत. म्हणजे धनाजी टाके घेऊन सांगलीहून येणार आणि या तळ्यावर उभं राहून भावानं घालवलेली मेंढरं वेचणार. हे सगळं नानासोला माहीत होतं.

तो माझा पट्टा शोधायला लागला. उन्हं उतरली होती, लोकर धुळीनं भरलेली. या मेंढराची मान बघ, त्या मेंढराची बघ, पण मला पाहायचं तर मी काही दिसेना. माझं घराणं आपलं काम चोख करत होतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

कोंडीबा काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

“काय हुडकतुयास, हवालदार?”

“खूण हाय तात्या. मिलिटरी कलरची.”

म्हातारा गदगदून हसला. मग म्हणाला, “डोळ्याला न्हाई दिसत तर हाताला इचार की गड्या. मला डोळं कुठं हायत?”

नानासोनं जवळच्या मेंढराच्या मानेमागं हात घातला. लोकर मऊ होती. दुसऱ्याच्या मानेमागं घातला, आणि बोटांना वाळल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं कडक काहीतरी लागलं. तो मी होतो. न दिसणारा, पण हाताला लागणारा. त्यानं ते मेंढरू बाहेर काढलं. मग दुसरं, मग तिसरं. दीड तास तो त्या गर्दीत गुडघ्यांवर फिरला, फौजेतल्या चोवीस वर्षांत एकाही मेंढराला हात न लावलेला माणूस एकेकाची मान चाचपत होता. एकोणपन्नास बाहेर आली.

पाच राहिली. रॉकेलवाली. त्यांच्या मानेवर ना रंग, ना कडकपणा. नानासोनं पंचवीसही मेंढरं तीन-तीनदा चाचपली. शेवटी तो उभा राहिला.

“न्हाई जमलं, तात्या,” तो म्हणाला. “दादा येईस्तवर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं.” आणि मग हळूच, जणू मलाच सांगत असल्यासारखा, “खंडाळाच बरा आपल्याला.”

निघायला म्हणून नानासोनं दगडावर ठेवलेल्या मला उचललं. त्या हिसक्यानं आतला मका खुळखुळला.

कोंडीबाच्या कळपात पाच माना वर झाल्या.

बाकीची वीस खाली तोंड घालून चरत होती. ही पाच मात्र कान टवकारून बघत होती, आणि मग एक निघालं, त्यामागं दुसरं, आणि पाचही गर्दीतून वाट काढत येऊन नानासोच्या पायाशी उभी राहिली. एकानं तर माझ्या काठाला नाक लावलं. नानासो मटकन खाली बसला. त्यानं त्या मेंढराच्या गळ्यात हात टाकला आणि हसला की रडला ते त्याचं त्याला माहीत. मी त्याच्या मांडीवर होतो, मला त्याचं पोट हलताना लागत होतं.

“ही पाच तुझी हायत हे मला मघाच ठावं हुतं,” कोंडीबा म्हणाला. “माजी मला हातानं कळत्यात.”

“मग बोलला का न्हाई, तात्या?”

“बोललो असतो तर धनाजीची मेंढरं घरी गेली असती. आता तुजी चालल्यात.”

घरी आल्यावर मंगलनं दारातच मोजली. चोपन्न भरल्यावर ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, आता मी घोटभर चहा पिते. मग तिनं दोघांचा चहा केला, आणि साखरेचा डबा नानासोनं न विचारता काढून दिला.

चार दिवसांनी धनाजी आला. जीपमधून उतरून त्यानं कळपावरून एक नजर फिरवली आणि त्याला लागलीच कळलं, की सगळी जिथल्या तिथं आहेत. नानासो गप्प बसला असता तर झाकलं गेलं असतं. पण त्यानं तलावावरचं सगळं सांगितलं, ऑलिव्ह रंगासकट. धनाजी टाक्यांवर हात दाबून इतका हसला, की मंगलला त्याच्यावर ओरडावं लागलं. हसणं सरल्यावर तो म्हणाला, “मी मागारी आलो म्हनून तू सुटलास असं समजू नगंस. सकाळी तूच सोडायची मेंढरं.”

दुसऱ्या सकाळी खंडाळ्याहून फोन आला. वाघर उघडून, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी सोडून, नानासो उभा होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात मी. तिकडचा माणूस विचारत होता, कधी रुजू होताय. मंगल चुलीपाशी होती. तिचा हात परातीत थांबलेला मला दिसला.

“न्हाई जमायचं, सायब,” नानासो म्हणाला. “मी ड्युटीवर हाय.”

परातीत पुन्हा थाप पडली, एकदम हलकी.

आता माझी कडी गंजलीय, बुडाला पोचे पडलेत. कातरणीत माझा रंग लोकरीबरोबर निघून गेला आणि मेंढरांच्या पाठीवर आता लालभडक पट्टा आहे, अर्ध्या कोसावरून दिसणारा. मला त्याचा राग नाही. बादली अजून तुरीत हरवते, तेवढी माझी आठवण पुरे. एकच मागणं आहे. गावात भंगारवाला येतो, जुने डबे मागतो. त्याला माझ्यावरचे डाग बघून भाव ठरवू देऊ नका. आधी मला कानाशी धरून हलवायला सांगा.