दोन वर्षांची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी पेटी. माझं तोंड जेमतेम हात जाईल एवढंच आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. मला घडवणाऱ्या सुताराला सभागृहाच्या सचिवांनी बजावलं होतं, "हात आत गेला पाहिजे, नजर जाता कामा नये." सुताराने स्वतःचा हात घालून पाहिला, तर तो मनगटाशी अडकला. बायकोने तेल लावून सोडवला आणि ती म्हणाली, "आता तुम्हीच जा सभागृहात, पेटीसकट!" मग त्याने तोंड थोडं रुंद केलं आणि कुणाला लाकडाची कूस टोचू नये म्हणून कड घासघासून गुळगुळीत केली.

मला नेलं त्या इमारतीत राज्याचं वरिष्ठ सभागृह नव्याने भरत होतं. उंच छत, लाल गालिचा, आणि साठ सदस्य. मी सभापतींच्या पुढ्यात भीतभीतच बसले होते. सभापती उभे राहिले. "हे सभागृह कधी विसर्जित होत नाही," ते म्हणाले. "सदस्याची मुदत सहा वर्षं. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतील, त्यांच्या जागी नवे येतील. म्हणजे घर कधीच एकदम रिकामं होणार नाही. पण आज आपण सगळे एकाच दिवशी आलो आहोत. मग आधी कोणी जायचं? ते ही पेटी सांगेल."

माझ्या पोटात साठ चिठ्ठ्या होत्या. वीस दोन वर्षांच्या, वीस चारच्या, वीस सहाच्या. मित्रांनो, त्या दिवशी किती हात माझ्यात येऊन गेले! एक नामवंत शल्यचिकित्सक होते. शस्त्रक्रिया करताना त्यांचा हात कधी हलत नाही म्हणे, पण माझ्यात तो चिठ्ठ्या चाचपतच राहिला. एकाचं भाषण ऐकायला मैदानं भरायची, त्यांनी चिठ्ठी उघडून नुसता आकडा सांगितला. कुणी कितीही मोठा असो, बाही सारून माझ्यापुढे वाकत होता. मी थक्क होऊन पाहत राहिले.

शिक्षकांनी निवडून दिलेल्या एक मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांच्या शाळेतली नदीपलीकडची मुलं पिंपांच्या तराफ्यावरून यायची, आणि एका पावसाळ्यात तराफा उलटून एक मुलगी परत आलीच नाही. जिथे मुलांना पाणी ओलांडावं लागतं, तिथे शाळेच्या वेळेत नाव आणि नावाडी द्यायचा, असा कायदा व्हावा म्हणून त्या इथे आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी उघडली. "दोन."

सुट्टी झाली तशी शेजारच्या बाकावरचे वृद्ध वकीलसाहेब त्यांच्याजवळ आले. त्यांना सहा वर्षं मिळाली होती.

"बाई, अदलाबदल करू. माझं वय झालं, मला सहा वर्षं घेऊन काय करायचंय? सभापती माझं ऐकतील."

बाईंचा हात माझ्या झाकणावर होता. तो गार पडलेला मला जाणवला. दुसऱ्या हाताने त्यांनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली.

"नको, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "आज आपण चिठ्ठी बदलली, तर उद्या आणखी कोणी बदलेल. मग ही पेटी कशाला मांडली? मला वर्षं नका देऊ. शनिवार द्या."

"शनिवार?"

"मला नदी कळते, कायदा कळत नाही. तुम्हाला कळतो."

त्यानंतर मला वाचनालयात ठेवलं. सभागृहाचं दार तिथेच उघडायचं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. दर शनिवारी ते दोघं माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत. बाई लिहीत, वकीलसाहेब खोडत. "अहो, 'शक्यतो' हा शब्द ठेवलात तर एकही नाव पाण्यात उतरणार नाही," ते म्हणायचे.

विधेयक तयार झालं, पण पाळी येईना. बघता बघता दोन वर्षांचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दुपारी निवृत्त होणाऱ्या वीस सदस्यांची निरोपाची भाषणं होती. बाईंचं नाव पहिलं. त्या म्हणाल्या, "माझा निरोप राहू द्या. माझी दहा मिनिटं माझ्या विधेयकाला द्या."

"दहा मिनिटांत कसं होईल, बाई?" सभापती म्हणाले.

मग ते मैदानं भरवणारे वक्ते उठले. दोन वर्षांची चिठ्ठी त्यांनाही निघाली होती. "माझीही घ्या," एवढंच बोलून ते खाली बसले. मग शल्यचिकित्सक उठले. मग तिसरे, चौथे. वीसच्या वीस जणांनी आपला निरोप देऊन टाकला. त्या वेळात विधेयक वाचलं गेलं, त्यावर चर्चा झाली, आणि ते मंजूर झालं. संध्याकाळी ते वीस जण टाळ्या न घेताच घरी गेले.

कायदा व्हायला दुसऱ्या सभागृहाचीही मंजुरी लागत होती, आणि तिथे ते दीड वर्ष अडून राहिलं. बाई आता सदस्य नव्हत्या. पण चाळीस जण जागेवर होते आणि वकीलसाहेब दर आठवड्याला काठी टेकत पाठपुरावा करत होते. घर रिकामं होत नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

शेवटी तिथेही ते मंजूर झालं, आणि एके सकाळी वकीलसाहेबांनी बाईंचं पत्र वाचनालयात मोठ्याने वाचलं. त्यात दोनच ओळी होत्या. "आज नाव सुरू झाली. सत्तावीस मुलं आली, सगळी कोरडी." वकीलसाहेबांनी चष्मा काढला तो बराच वेळ घातला नाही.

पुढे माझी गरज उरली नाही. दर दोन वर्षांनी मुदती आपोआप संपतात, नवे येतात. माझ्यावर कधी वर्तमानपत्रांचे गठ्ठे पडले, कधी ओल्या छत्र्या. एका टोकाला वाळवीही लागली आहे. मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी ती कशासाठी केली होती, एवढं कुणाला तरी विचारा. आणि उद्या तुम्हाला एखादी जागा मिळाली, मग ती वर्गप्रमुखाची का असेना, तर ती किती दिवसांची आहे ते मोजत बसू नका. नदीपलीकडे कोण उभं आहे, ते आधी पाहा.