तीन डॉलर नऊ सेंट आणि मी

मी नऊ बोलतोय. पेट्रोलच्या दरफलकावरचा मोठा नऊ नव्हे, त्याच्या पुढे वर कोपऱ्यात बसलेला बारका नऊ. ‘तीन डॉलर नऊ सेंट’ असं वाचून तुम्ही थांबता ना, तिथे मी सुरू होतो. एका सेंटचे नऊ दशांश! मला मोठ्याने कोणी वाचत नाही. पैसे मात्र माझेही घेतात.

पंपाच्या मालकाने, वॉल्टने, मला पत्र्यातून कापलं, लाल रंग दिला आणि स्क्रू पिळून फलकावर पक्कं केलं. बाकीचे आकडे प्लास्टिकचे. त्याची बायको लॉरेन लांब काठीने त्यांना चढवते-उतरवते. माझ्या शेजारी आज शून्य, उद्या सात. मैत्री करावी तरी कोणाशी? मी मात्र जागचा हललो नाही. त्याचा मला थोडा गर्व आहे, असू दे.

आमचा पंप न्यू जर्सीत, डेलावेअर नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी. आमच्याकडे गिऱ्हाइकाने गाडीत बसून राहायचं, पंपवाला पेट्रोल भरणार, असा कायदाच आहे. पलीकडचे पेनसिल्व्हेनियावाले स्वस्त म्हणून इकडे येतात आणि तिकडच्या सवयीने उतरून स्वतःच नळीला हात घालतात. मग लॉरेन ओरडते, “बसा आत! हात लावायचा नाही!”

रोज सकाळी कॉफीचे पेले घेऊन दोन म्हातारे माझ्याखाली उभे राहतात. कारमाइन उत्तर जर्सीचा, वेस दक्षिणेचा. बायका इथल्या मिळाल्या म्हणून इथे रुजले.

“पुढच्या वळणावर दोन सेंट कमी आहे,” कारमाइन काडी टाकतो.

“मग तिकडेच भर. फुकटची कॉफीही तिकडेच पी,” लॉरेन म्हणते.

“दक्षिणेत याहून स्वस्त,” वेस म्हणतो. “हा उत्तरेचा भाव झाला.”

“हा मध्य जर्सीचा भाव आहे!” लॉरेन ठणकावते.

“मध्य जर्सी असं काही नसतंच,” दोघे एका सुरात म्हणतात. आयुष्यात त्यांचं एवढंच एकमत. “फुटबॉलमध्ये न्यूयॉर्कच्या संघासाठी ओरडतो तो उत्तरेचा, फिलाडेल्फियाच्या संघासाठी ओरडतो तो दक्षिणेचा. विषय संपला.”

“माझ्या वॉल्टला फुटबॉलच आवडत नव्हता,” लॉरेन एकदा म्हणाली.

“म्हणजे वॉल्टसुद्धा नव्हता?” कारमाइनने विचारलं.

लॉरेनने काच पुसायचं फडकं त्याच्या तोंडावर फेकलं.

वॉल्ट गेला त्यानंतर तिचे गुडघेही कुरकुरू लागले. गाड्या धुणाऱ्या एका कंपनीने जागा मागितली. ते फलकासकट सगळं पाडणार होते. तिचा भाचा ब्रेट म्हणाला, “आत्या, मी चालवतो.” पण तो लग्नानंतर पुलापलीकडे राहायला गेलेला, आणि लॉरेनने वॉल्टला शब्द दिला होता की पंप इथल्याच माणसाकडे राहील.

ती म्हाताऱ्यांना म्हणाली, “शनिवारी ब्रेट येतोय. हा आपलाच, असं तुम्ही दोघं एकमताने म्हणालात तर पंप त्याचा. नाहीतर कंपनीच्या कागदावर सही करते.”

या दोघांचं एकमत? माझ्या पोटात गोळा आला. (माझं पोट वरच्या बाजूला आहे.)

शनिवार उजाडला. ब्रेटचा पत्ता नाही. कंपनीचा माणूस कागद घेऊन हजर. “वेळ पाळत नाही. तिकडचाच झाला,” कारमाइनने निकाल देऊन टाकला. तेवढ्यात पुलावर एक गाडी दिसली. ब्रेट घामाघूम होऊन ती मागून ढकलत होता आणि सुकाणूवर बसलेली त्याची बायको शॉना हसून हसून बेजार झाली होती.

“पेट्रोल संपलं, आत्या. सासूकडून येताना पलीकडच्या पंपावर थांबलो होतो.”

“मग भरलं का नाहीस?”

शॉनाने डोळे पुसत सांगितलं, “काच खाली करून, कार्ड बाहेर धरून नुसता बसून होता! माझी एक झोप झाली, तरी बसलेलाच.”

“मला वाटलं, भरणारा जेवायला गेला असेल,” ब्रेट पुटपुटला. “हॉर्नसुद्धा वाजवला.”

“अरे, इतकी वर्षं तिकडे राहतोस ना?”

“भरायला तुझ्याकडेच येतो ना मी. मला ती नळी कुठे धरता येते?”

कारमाइनने टोपी काढली.

“हा आपला,” तो म्हणाला.

“शंभर टक्के आपला,” वेस म्हणाला.

“म्हणजे उत्तरेचा.”

“हट्! असला खुळा दक्षिणेतच निपजतो!”

लॉरेनने तोवर आकडे बदलायची काठी ब्रेटच्या हातात दिली होती. “चल मालक,” ती म्हणाली, “आता नळी धरायला शिक.”

पंप वाचला. मी वाचलो नाही. ब्रेटने विजेचा फलक मागवलाय आणि त्यात म्हणे नऊ छापूनच येतो. ऐकून मला रडू आलं. काल लॉरेन स्वतः शिडी चढली, गुडघ्यांना शिव्या देत माझे स्क्रू काढले आणि मला पदराने पुसावं तसं बाहीने पुसलं. वॉल्टच्या थडग्यावर वय कोरलंय एकाहत्तर. बहात्तरावा वाढदिवस थोडक्यात हुकला.

“त्या एकाहत्तरच्या पुढे याला बसवते,” ती म्हणाली. “माझ्या माणसाला कोणी कमी का मोजावं?”

तर आता माझा मुक्काम तिथे. मला आजवर कोणी मोठ्याने वाचलेलं नाही. तुम्ही आलात तर एकदा वाचा: एकाहत्तर आणि नऊ दशांश. फक्त गाडीत बसून वाट पाहू नका. तिथे स्वतःच उतरावं लागतं.