अर्धा इंच

शीलाने सावळारामच्या नाकाला चिमटा लावला, पुठ्ठ्याची नळी त्याच्या तोंडात दिली आणि म्हणाली, "काका, छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात सगळा बाहेर टाका. मधे थांबायचं नाही."

सावळारामने फुंकलं. शीलाने यंत्रावरचा आकडा पाहिला, वहीतल्या आधीच्या दोन आकड्यांशी ताडला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"परत एकदा करू या."

खिडकीच्या गजांना धरून उभा असलेला चांगदेव हवालदार मोठ्याने हसला. "बाई, कशाला दम घालवता? आमचा अर्धा इंच हाय त्यो. हत्ती जाईल आन शेपूट अडकंल!"

बाहेरची माणसं हसली. सावळारामही नळी तोंडात धरूनच हसला. भिंतीकडच्या बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला, अंजनाला मात्र ते हसू सोसलं नाही. चौतीस वर्षं ती हे ऐकत आली होती.

एकाहत्तर साली डिंगोऱ्याचे हे दोघे मित्र जोडीने पुण्याला सैन्याच्या भरतीला गेले. चांगदेव निवडला गेला आणि पुढे हवालदार होऊन पेन्शनीवर परत आला. सावळारामची छाती दोन इंच फुगायला हवी होती, ती दीडच फुगली. संध्याकाळच्या एसटीने तो घरी आला, आणि दुसऱ्या दिवसापासून गावाने त्याला अर्धा इंच म्हणायला सुरुवात केली. गावाने ठेवलेलं नाव सातबाऱ्यावर चढल्यासारखं असतं, खोडायला गेलं तर माणूस थकतो. पुढे त्याने माळ फोडून बाग केली, एका भरलेल्या विहिरीत बुडी मारून तळाची मोटार दोर बांधून वर काढली, तरी पोरांची सोयरीक जुळवतानासुद्धा पाहुण्यांना ओळख सांगितली गेली ती अर्ध्या इंचाचीच. सावळाराम कधी रागावला नाही. रागवायचं काम अंजनाकडे होतं आणि ते तिने मन लावून केलं.

म्हणून तर आज तिने त्याला ओढून शाळेत आणलं होतं. पुण्याहून आलेल्या शीलाने सकाळीच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. फुफ्फुसं तपासायच्या यंत्रात जो तक्ता भरलेला आहे, तो परमुलखातल्या माणसांचा. त्या मापाने मोजलं की आपल्याकडचा धडधाकट माणूसही आजारी ठरतो. तेव्हा आपल्या माणसांचा तक्ता करायचा, सहा वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत, प्रत्येक वयाची निरोगी माणसं घेऊन. अंजनाचं फुंकून कधीच झालं होतं. अडलं होतं ते पंचावन्न ते साठ वयाच्या पुरुषांपाशी. बिडीने तो सगळा रकाना रिकामा केला होता. खुद्द हवालदार दारातूनच परत फिरला होता. शेवटची एक जागा उरली होती, आणि सावळारामने जन्मात बिडी ओढली नव्हती.

एकदा गावासमोर त्याचा आकडा पुरा येऊ दे, म्हणजे ते नाव गळून पडेल, एवढंच अंजनाच्या मनात होतं. चांगदेव खिडकीत आलेला पाहून तिला उलट बरंच वाटलं होतं.

चौथी फुंकर झाली. शीलाने खुर्ची पुढे ओढली.

"काका, रागावू नका. पण हे आकडे मला घेता येणार नाहीत."

"कमी पडलो का?" सावळाराम चटकन म्हणाला. त्याला ते जणू आधीच ठाऊक होतं.

"कमी पडले असते तरी चाललं असतं. ज्याची छातीच कमजोर असते, त्याचे आकडे कमी येतात, पण सारखे येतात. तुमचा एक दोन लिटरवर, एक तीनाजवळ, मग परत दोनाखाली." शीला हसली. "श्वास पुरा घेता, पण सोडताना राखून सोडता. यंत्राला ते बरोबर कळतं."

सावळारामने मान खाली घातली आणि नळीचा पुठ्ठा नखाने खरवडू लागला.

राखून. अंजना त्या शब्दापाशीच थांबली. हाच माणूस ओढ्यापलीकडच्या म्हशीला एका हाकेत वळवतो. त्या विहिरीत तो इतका वेळ बुडी मारून होता, की काठावरच्या बायांनी रडायला सुरुवात केली होती. भरतीच्या वेळी टेप धरणाऱ्या साहेबाची चूक झाली असणार, अशी समजूत तिने स्वतःची घातली होती. आणि तो दिवस? आंबेगावाहून लग्न होऊन येऊन तिला दोन महिने झाले होते. पहाटे त्याची पिशवी भरताना ती रडली नव्हती, पण चटणीची पुरचुंडी तिने दोनदा सोडून परत बांधली होती. तो बाजेवर बसून पाहत होता. संध्याकाळी परत आला तो हरलेल्या माणसासारखा आला नाही. चार भाकरी खाल्ल्या आणि पाचवी मागितली. तिला तेव्हा वाटलं होतं, काय निगरगट्ट माणूस आहे!

लढाईच्या वर्षी मुद्दाम मागे राहिला असं कळलं असतं, तर गावाने त्याला पारावर बसू दिलं नसतं. छाती कमी पडली म्हटल्यावर गाव हसलं आणि सोडून दिलं. तेवढ्यासाठी चौतीस वर्षं त्याने हसून घेतलं होतं. आज आकडा पुरा आला असता, तर त्या दिवशी का आला नाही, हे खिडकीतूनच कुणीतरी विचारलं असतं.

अंजना उठली, खिडकीपाशी गेली.

"भाऊजी, जरा हात काढा. वाऱ्यानं बाईंची कागदं उडत्यात."

तिने खिडकी लावून घेतली. मग सावळारामजवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. परक्या माणसासमोर असा हात तिने कधी ठेवला नव्हता.

"आता कुणी न्हेत नाय तुमाला," ती हळूच म्हणाली. "फुका."

सावळारामने तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच चिमटा नाकाला लावला.

एक झाली. दुसरी. तिसऱ्या फुंकरीला टेबलावरचे कागद खरोखरच उडाले.

"अरे वा!" शीला पेन्सिल शोधू लागली. "तिन्ही सारखे! काका, तुमच्या वयाच्या माणसाची छाती कशी असावी, हे आता तुमच्यावरून ठरणार बघा. एवढं कशाला लपवून ठेवलं होतं?"

सावळारामचे कान लाल झाले होते.

बाहेर चांगदेव वाट पाहत पायरीवर बसला होता. त्याच्यासोबत चार-सहा जण होतेच.

"काय वहिनी, किती भरलं मग?"

सावळाराम उंबऱ्यातच थबकला. अंजनाने पायात चपला सरकवल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"अर्धा इंच कमीच भरलं, भाऊजी," ती म्हणाली, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर हसली.