चार नारिंगी जॅकेटं

"काका, तुमच्या तळ्यात आजवर किती माणसं बुडाली?"

हा प्रश्न माझा नव्हे. माझ्या दोन मैत्रिणी, वकीलीण आणि चष्मिस, आमच्या दुकानातल्या अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर लोळत होत्या. मी हे फोनवर विचारूच शकणार नाही, अशी त्यांनी पैज लावली होती. वर्षापूर्वी त्या जिंकल्या असत्या. तेव्हा नुसता फोन वाजला तरी मी बाथरूममध्ये पळायचे. पण यंदा शाळेच्या स्विमिंग पुलात कयाक उलटी करून, डोकं पाण्याखाली असताना बाहेर निसटायची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले. तेव्हापासून माझ्या अंगात वारं शिरलंय, असं आई म्हणते. शिरलंय तर शिरलंय! घरातलं फोनचं खातं आता माझ्याकडे आहे.

म्हणून तळ्याकाठच्या नाववाल्याला मीच फोन लावला होता. आमची कॅम्पर गाडी उभी करायला सपाट जागा आहे का? आहे. नळ? आहे. सावली? भरपूर. सगळं विचारून झाल्यावर मी स्पीकर चालू केला आणि तो प्रश्न टाकला. वकीलिणीने तोंडात उशी कोंबली.

तो रागावेल असं वाटलं होतं. तो रागावला नाही. मागे कुठेतरी काठाला होडी आपटत असावी, ठक, ठक, असा आवाज येत होता.

"माझ्यासमोर तीन," तो म्हणाला. "एकाच दिवशी."

"जॅकेट नव्हतं घातलं?" माझा आवाज जरा बारीक झाला.

"घातलं होतं ना पोरी. तिघांनी. घरून आणली होती आपापली. म्हणून तर उशीर झाला. जॅकेटवाला माणूस वरच असणार, म्हणून आम्ही सगळे वरच बघत राहिलो."

मग त्याने विचारलं, "तुम्ही जॅकेटं आमची घेणार, की घरून आणताय?"

"घरून," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

चष्मिस म्हणाली, "कसला भारी घाबरवतो गं म्हातारा! गिऱ्हाईक वाढवायची युक्ती आहे, भाड्याने जॅकेटं खपवायची." वकीलिणीने तिला लगेच दुजोरा दिला. वकीलीण कशालाही लगेच दुजोरा देत नाही, त्यामुळे ती पण घाबरली असणार. मी हसले. पण मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

आता आमचं सगळं सांगते. आईबाबांचं गाद्या आणि सोफे शिवायचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कारखाना, वर आम्ही. अकरा वर्षांत हे दुकान सलग दोन दिवस बंद राहिलेलं नाही. येत्या शनिवारपासून ते चार दिवस बंद राहणार होतं, आणि ते माझ्यामुळे. ट्रिपचं टुमणं मीच लावलं होतं. बाबांनी एक जुनी पावाची गाडी आणली. अजूनही उन्हात तापली की तिला भाजक्या पावाचा वास येतो. आठ महिने खपून त्यांनी तिची कॅम्पर केली. बाक ओढला की पलंग होतो, पलंगाखाली भांडी, दाराच्या आत घडीचं टेबल. रस्ता त्यांनी कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर खडूने आखला होता, जसा ते सोफ्याचा बेत आखतात तसाच. शेजारी पसरलेल्या नकाशाचे चार कोपरे चार दाभणांनी टोचलेले. पहिला दिवस घाट आणि धबधबा. दुसरा आणि तिसरा दिवस तळं. चौथ्या दिवशी नदी, तिथे मी एकटी खळाळातून कयाक नेणार आणि बाकीच्यांनी काठावरून टाळ्या वाजवायच्या. हा शेवटचा भाग माझ्या हस्ताक्षरात आहे.

तळ्यातली दोन दिवसांची कयाक मात्र दोघींची. मागे मी, पुढे पिटू. पिटू माझी बहीण, सहा वर्षांची, पोहण्याच्या नावाने शून्य. आई आधी नाहीच म्हणत होती. "मी आहे ना," मी म्हटलं. हे वाक्य मी हल्ली दिवसातून दहा वेळा म्हणते. बाबा म्हणाले, "अगं, जॅकेट असेल तिच्या अंगात. बुडायचं म्हटलं तरी बुडणार नाही." मग आई तयार झाली.

कयाक जुनी होती, एका बंद पडलेल्या क्लबच्या लिलावातून घेतलेली. तिच्यासोबत चार लाइफ जॅकेटं फुकट आली. फुकटचीच ती. आतल्या फोमचा भुगा झाला होता, हलवलं की खुळखुळायची. दुसऱ्या कुणाच्या घरी ती कचऱ्यात गेली असती. पण आमच्या घरात जुन्याला नवं करणं हाच धर्म. विकतचं ते उसनं, असं आई म्हणते. तिने चारही जॅकेटं उसवली, भुगा झटकला, धुतली आणि दुकानातला सगळ्यात उंची फोम मापात कापून आत भरला. डॉक्टरांच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यात भरतो तोच. वर मेणदोऱ्याने दुहेरी शिवण. काय देखणी झाली होती! पिटूच्या जॅकेटच्या गळ्याला तर तिने मऊ फलालीनची पट्टी लावली, मानेला टोचू नये म्हणून. पिटू ते घालूनच जेवायची आणि घालूनच झोपायची.

मैत्रिणी गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले. तारेवर चारही जॅकेटं ओळीने टांगलेली होती, खांदे ताठ, गळे रिकामे. रोज तिथून जाताना मी बाबांच्या जॅकेटला शेकहँड केल्यासारखा पट्टा ओढायचे. आज ओढला नाही. आतल्या बाजूला एक पांढरी चिठ्ठी होती, धुऊन धुऊन फिकट झालेली. आईने ती उसवून पुन्हा जागच्या जागी शिवली होती, चारही बाजू सरळ, एक टाका इकडचा तिकडे नाही. मी खिडकीशी नेऊन वाचायचा प्रयत्न केला. अर्धी अक्षरं गेली होती. राहिली होती ती एवढीच: "...उसवू नये. आतील भरण बदल..."

"आई, हे वाचलंस का तू?"

"काय ते?" तिच्या तोंडात टाचण्या होत्या. "धुण्याबिण्याचं असेल काहीतरी. सगळ्या कपड्यांना असतं."

मी जॅकेट पुन्हा तारेवर टांगलं. काय बोलणार? आठ रात्री खाली मान घालून शिवलं होतं तिने. आणि ट्रिप पण माझीच.

पण करून बघायला काय हरकत आहे? कारखान्याच्या मागच्या दारी आमचा सिमेंटचा हौद आहे. खुर्च्या विणायचा वेत त्यात भिजत घालतात, म्हणजे तो वाकतो, मोडत नाही. शाळेला गुरुवारची सुट्टी होती. मी हौदातले वेत काढले, आईच्या जॅकेटला दोन किलो चुका, म्हणजे सोफ्याचे बारीक खिळे, असलेली पिशवी बांधली आणि सोडलं पाण्यात.

तरंगलं! एकदम बदकासारखं. मी खांद्यावर जोर देऊन खाली दाबलं तर उसळी मारून वर. पिटू टाळ्या पिटत नाचायला लागली. माझ्या मनावरचा धोंडा उतरला. नाववाला म्हातारा, त्याची युक्ती, त्याची ठक ठक, सगळं गेलं खड्ड्यात! मी जॅकेट तसंच सोडलं आणि पळत आत गेले, कारण बाबांनी हाक मारली होती.

आत टेबलापाशी यादी चालली होती. शेगडी, दोर, टॉर्च, बँडेज. "धबधब्यापाशी दीड तास पुरे," बाबा म्हणाले. "अहो, फोटो काढायलाच दीड तास लागतो तुम्हाला," आई म्हणाली. ती खुशीत होती. तिने स्वतःसाठी एक टोपी शिवली होती आणि ती घालून ती यादी करत होती, घरात, छताखाली. तिला मी असं कधीच बघितलं नव्हतं. अंडी किती घ्यायची यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं, मी वीसवर अडून बसले आणि जिंकले. पाऊण तास सहज गेला असेल.

मग पिटू दारात आली. अंगात तिचं जॅकेट, पट्टे कचकचून बांधलेले.

"ताई, जॅकेट झोपलं."

"काय?"

"ते आता झोपलं. तू ये बघायला. मी पण झोपणार त्याच्याशेजारी."

आणि ती वळून पळाली.

मला आधी काही कळलंच नाही. वीस अंडी लिहून मी पेन्सिल खाली ठेवली. मग कळलं, आणि मी जी धावले, मधे आलेली खुर्ची कुठे उडाली ते मला माहीत नाही. मागच्या दारी ऊन होतं. हौदाच्या पाण्यावर काही म्हणजे काहीच नव्हतं, नुसतं आभाळ. पिटू पालथ्या बादलीवर चढली होती. तिचा एक पाय कठड्याच्या आत गेला होता आणि दुसरा उचलला जात होता.

"मी पण तरंगते, बघ!" ती म्हणाली.

मी तिला पाठीमागून धरलं. आईने प्रेमाने लावलेल्या त्या फलालीनच्या पट्टीलाच धरलं आणि मागे ओढलं. दोघी धाडकन खाली आपटलो. पिटूने भोकाड पसरलं. मी तिला सोडलं नाही.

मग वाकून बघितलं. तळाशी, वेताच्या दोन काटक्यांशेजारी, ते नारिंगी जॅकेट पसरलं होतं, हात पसरल्यासारखं. मघाशी मी आत जाताना शेवटचं कुठे बघितलं होतं? वरच. मी पण वरच बघितलं होतं.

आईबाबा पाठोपाठ आलेच. मी खांद्यापर्यंत हात घालून जॅकेट ओढलं. एका हाताने निघेना. चुकांची पिशवी सोडून टाकली, तरी दोन्ही हातांनी ओढावं लागलं. फरशीवर टाकल्यावर त्याच्यातून पाणी वाहायला लागलं ते थांबेचना. आई खाली बसली आणि तिने त्याच्यावर तळवा दाबला. फस्स करून पाणी आलं. हात उचलला. फोम पुन्हा फुगला, डॉक्टरांच्या सोफ्यासारखा. तिने पुन्हा दाबला. पुन्हा पाणी.

"उत्तम फोम आहे तो," ती हळू म्हणाली. "चाळीसच्या घनतेचा."

"बसायला उत्तम आहे गं आई."

बाबांनी जॅकेट उलटं केलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं जे बिघडलेला सोफा बघून येतं. म्हणजे उपाय. "पाणी शिवणीतून शिरतंय," ते म्हणाले. "वरून रेक्झिनचं अस्तर लावलं की झालं. टाक्यांवर मेण घासायचं. आज बसलो तर उद्या दुपारपर्यंत चारही होतील. शनिवार चुकत नाही."

"पिटूचं आधी करू," आई लगेच उठली. "मी तिहेरी शिवण घालते."

दोघं आत वळले. मला खरी भीती वाटली ती तेव्हा. हौद बघून वाटली नव्हती एवढी. ते रात्रभर जागून शिवतील, जॅकेटं आणखी देखणी होतील, दीड तास तरंगतील. आणि तळ्याच्या मध्यावर, पुढच्या सीटवर पिटू असेल, मागे मी असेन, मी आहे ना म्हणत. मला स्वतःला उलट्या कयाकमधून बाहेर यायला जमतं. दुसऱ्याला बाहेर काढायची परीक्षा मी दिलेलीच नाही. ती कोणी घेतलीच नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

मी पिटूच्या अंगातलं जॅकेट काढलं. ती किंचाळत होती. ते काखेत मारून मी आत गेले. तारेवरची दोन उतरवली. भिजलेलं आणून चौथं म्हणून टेबलावर टाकलं, खडूने आखलेल्या तळ्यावर. पाण्याने घाट पुसला गेला, नदी पुसली गेली, माझं हस्ताक्षरही. बाबा रेक्झिनचा रोल उलगडत होते. आई दाभणात दोरा ओवत होती. अजून तिच्या डोक्यावर ती टोपी होती.

मी तिची मोठी कात्री उचलली. कापडाशिवाय कशालाही लावायची नाही, असा घरचा कायदा आहे तिचा. हे कापडच होतं.

"ए, काय करतेस?" बाबा म्हणाले.

माझा आवाज थरथरला नाही. फोनचं खातं माझ्याकडे उगाच नाही.

"आई, बाबा, ऐका. ही चारही मी आत्ता कापणार आहे, तुमच्या डोळ्यांदेखत, म्हणजे पुन्हा शिवता येणार नाहीत. आपण शनिवारी जायचं. गाडी नेऊ, टोपी नेऊ, वीस अंडी नेऊ. पण कयाक टपावर चढणार नाही. मी पाण्यात उतरणार नाही, नदीत पण नाही, आणि पिटू माझ्याबरोबर किंवा आणखी कुणाबरोबर उतरणार नाही. या खेपेला तळं आपण काठावरूनच बघायचं."