दोन वितींचं स्टूल

सुताराकडे मोजपट्टी होती, पण ती कायम खिळ्याला टांगलेली असायची. तो वितीनं मोजायचा. अंगठा आणि करंगळी ताणून पसरली की त्यांच्यामधलं अंतर म्हणजे एक वीत. त्याच्या उजव्या हाताची वीत इतकी पक्की होती, की शंकेखोर गिऱ्हाईकं पट्टी लावून बघायची आणि गप्प बसायची.

मग एकदा यंत्राच्या पात्यानं त्या हाताची तीन बोटं नेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं उरलं. जखम बरी झाली, पण सुतार खिडकीपाशी बसून राहायला लागला, उजवा हात मांडीखाली दडवून.

एक दिवस पीठ मळता मळता बायको म्हणाली, "अहो, माझे गुडघे बोंब मारतायत. ओट्यापाशी बसायला एक स्टूल करून द्या."

"बाजारात मिळतं."

"बाजारातलं डुगडुगतं. सुताराशी लग्न काय बाजारातून स्टूल आणायला केलं?"

त्यानं कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "करतो. पण नाही जमलं, तर रविवारी तुझ्या भावाला बोलाव. हत्यारं त्याला देऊन टाकतो. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बायकोचा भाऊही सुतारच होता. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

सुतारानं करवतीची मूठ कापडी पट्टीनं तळहाताला बांधली. खाचा पाडायची पटाशी डाव्या हातात धरली. ती घसरायची, तो पुन्हा लावायचा. नात शेजारी बसून भुसा गोळा करत होती.

"आजोबा, आत्ता शिवी कुणाला दिलीत?"

"लाकडाला."

"त्याला ऐकू येतं?"

"अजून तरी नाही."

शनिवारी स्टूल उभं राहिलं. बायको पिठाच्या हातानंच बसायला गेली आणि खाली खाली जातच राहिली. गुडघे हनुवटीशी आले.

"आजी खड्ड्यात बसली!" नात खिदळली.

सुतार हसला नाही. "बोलाव भावाला," एवढंच म्हणाला आणि पेटी उघडून हत्यारं भरायला लागला.

बायको ओट्याला धरून कशीबशी उठली. वाद घातला नाही. तिनं एक ताटली पाण्यानं काठोकाठ भरली आणि स्टुलावर ठेवली. घरातून कुठलंही काम बाहेर जाण्याआधी सुतार स्वतः ही परीक्षा घ्यायचा. तिनं स्टुलाच्या पायाला पायानं टोला दिला. पाणी नुसतं शहारलं.

"सांडलं?"

"नाही," तो पेटीवरून मान तिरकी करून बघत म्हणाला.

"सांधे हलले? पाय डुगडुगले?"

"नाही. पण बुटकं झालंय ना! दोन विती बरोबर धरल्या होत्या मी."

"कशा धरल्या? दाखवा बरं."

त्यानं वैतागून हात हवेत पसरला, स्टुलाकडे बघत, वर्षानुवर्षं पसरायचा तसाच. करंगळी जागेवर असल्यासारखी ताणलेली त्याला अगदी स्पष्ट जाणवत होती. नातीनं जवळ येऊन त्या रिकाम्या जागेत आपलं बोट फिरवलं.

"आजोबा, इथे कुणीच नाहीये."

त्यानं हाताकडे पाहिलं. अपघातानंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. अंगठा आणि एक बोट, मध्ये जेमतेम पाऊण वीत. त्यानं तेवढंच अंतर दोनदा स्टुलाच्या एका पायावर धरलं, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. चारही पाय तंतोतंत सारखे बुटके.

"इतकं सारखं चुकायलाही हात लागतो," बायको हळूच म्हणाली. त्याचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही फुटलं.

"मी पट्टी आणू?" नातीनं विचारलं.

"नको." तो बायकोकडे वळला. "अगं, तुझी वीत दे इकडे."

"अहो, पीठ लागलंय हाताला!"

"लागू दे."

नव्या फळीवर तिनं हात पसरला, उचलला, पुन्हा पसरला. तिची वीत लहान, म्हणून वर आपल्या डाव्या हाताची चार बोटं आडवी धरून त्यानं खूण केली.

रविवारी तिचा भाऊ रिकामी पिशवी घेऊन आला आणि समोर दिसलं त्या स्टुलावर बसला. गुडघे कानाला लागले.

"दाजी, हे स्टूल आहे की सापळा?"

"मामाआजोबा, उठा, ते माझं आहे," नात म्हणाली.

तो धडपडत उठला. पिशवी चुरगाळत, नजर चुकवत म्हणाला, "ताई म्हणाली होती, जमलं नाही तर हत्यारं..."

"हत्यारं कामात आहेत," सुतार म्हणाला. करवत हाताला बांधलेलीच होती. "आला आहेस तर ही फळी धर जरा. आणि ते पिठाचे ठसे पुसू नकोस. माप आहे ते माझं."