चष्मा घरी राहिला

पुंडलिककाकांनी पुस्तक उघडलं आणि आधी चित्राचा खालचा कोपरा बघितला. तिथे बकरी उभी होती, चारही पाय जमिनीला टेकलेले. म्हणजे पुस्तक सरळ होतं. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, घसा खाकरला आणि सतरंजीवर बसलेल्या तिसरीच्या पोरांवरून एकदा नजर फिरवली.

"तर एक होती जमनी म्हातारी," ते म्हणाले.

म्हातारीचं नाव जमनी होतं की आणखी काही, देव जाणे. चित्रात म्हातारी होती, बकरी होती, किनाऱ्याला लागलेली होडी होती. नाव छापलेलं असेल तर ते अक्षरांत, आणि अक्षरांशी पुंडलिककाकांची ओळख स्वतःच्या सहीपुरती. सही मात्र झोकदार होती.

अख्ख्या शिरगावात ही गोष्ट एकट्या वत्सलाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला ठाऊक होती. काका दुसरीत असताना बाप गेला, वाडी शिंपायला घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे नारळ आणि पानवेली सांभाळता सांभाळता माणूस मोठा झाला, चारचौघांत त्याच्या शब्दाला वजन आलं, गावच्या शाळेच्या समितीचं अध्यक्षपदही चालून आलं. या सगळ्यात काही वाचायची वेळ आली की काकांना एकच वाक्य पुरायचं. "चष्मा घरी राहिला." लग्नपत्रिका असो की ग्रामसभेचा ठराव, समोरचा बिचारा स्वतःच वाचून दाखवायचा. काकांनी चष्मा कधी केलेलाच नव्हता, पण चाळीस वर्षं त्याने त्यांची लाज राखली होती.

मग मेघालीबाई आल्या. साताऱ्याकडची तरुण बाई, अंगात उत्साह मावत नव्हता. शाळेत डोळे तपासायचं शिबिर भरलं तेव्हा त्यांनी अध्यक्षांनाही हाताला धरून खुर्चीत बसवलं. तक्त्यावरची खूण कुठल्या बाजूला उघडी आहे एवढंच बोटाने दाखवायचं होतं, म्हणून तिथे निभावलं. पण पंधरा दिवसांनी बाई चष्मा घेऊन थेट वाडीत हजर.

"आता विसरायचा प्रश्नच नाही, काका. दर शनिवारी माझ्या तिसरीला एक पुस्तक वाचून दाखवाल का? वर्षभर कपाटात पडून आहेत, कोणी हात लावत नाही. मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलं की मुलांना गोडी लागते."

काका हो म्हणून बसले.

"सांगून टाकायचं होतं ना बाईला," बाई गेल्यावर वत्सलाबाई म्हणाल्या.

"आता? ह्या वयात? समितीचा अध्यक्ष मी."

"मग वाचणार कसं?"

"चित्रं असतात ना त्यात."

तर त्या पहिल्या शनिवारी जमनी म्हातारीच्या बकरीने होडीची दोरी खाल्ली, होडी वाहत वाहत दांडी गावाला गेली, आणि तिथे बकरी वाळत घातलेल्या बोंबलांत शिरली. पोरं हसून हसून लोळली. मेघालीबाई शेजारच्या वर्गात कसलीशी ऑनलाइन माहिती भरत होत्या, त्यांना नुसतं हसणं ऐकू आलं. काकांनी पुस्तक मिटून खिडकीत ठेवलं आणि सुटलो एकदाचा म्हणत घर गाठलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्यांची पाठ वळताच पोरं त्या पुस्तकावर तुटून पडली. बकरी दोरी खाते ते पान सगळ्यांना बघायचं होतं. ते काही सापडेना. मग ओळीवर ओळ, शब्दावर शब्द, चार डोकी एका पुस्तकात घालून शोधाशोध सुरू झाली.

पुढच्या शनिवारी काका टेकतात न टेकतात तोच केतन उठला. केतन म्हणजे वर्गातला वकील.

"आजोबा, तिचं नाव जमनी नाय. सखू हाय. आन बकरीनं दोरी खाल्लेलीच नाय. आमी सगळी पानं बगितली."

काका पकडले गेले होते. पण आयुष्यभर विड्याची पानं विकलेला माणूस, गिऱ्हाइकासमोर चेहरा कसा ठेवायचा ते त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"असं?" ते म्हणाले. "मग काय लिवलंय? वाच बघू."

केतनने वाचलं. ठेचकाळत, पण वाचलं. तो चुकला तिथे मागून दोघी ओरडल्या, त्या चुकल्या तिथे तिसरा.

त्यानंतर हे ठरूनच गेलं. काका चित्रं बघून थापा मारायचे, पोरं पुस्तकातून त्यांना पकडायची. पकडायचं तर वाचता आलं पाहिजे, म्हणून जी पोरं अक्षर बघितल्यावर तोंड फिरवायची तीही आता पुस्तकं घरी नेऊ लागली. दोन महिन्यांत बाईंच्या वाचनाच्या नोंदवहीतली नावं अक्षरांच्या गटातून शब्दांच्या गटात गेली, शब्दांतली परिच्छेदांत. खरं सांगायचं तर काकांना मजा येऊ लागली होती, आणि मजा येते याचीच शरम वाटत होती.

"काय डोकं आहे तुमचं, काका," मेघालीबाई एकदा म्हणाल्या. "मुद्दाम चुकीचं वाचता. हे आम्हाला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही."

काका नुसते हसले. एका खोट्यावर हे दुसरं चढलं.

पूर्वी नावाची एक मुलगी तेवढी कधी काही बोलायची नाही. तिची आई बोईसरला कारखान्यात जायची, पहाटेच्या बसने. पोरगी स्वतःच वेणी घालून शाळेत यायची, म्हणून वेणी एका बाजूला कलंडलेली असायची. दिवाळीपर्यंत बाईंच्या वहीत तिचं नाव सगळ्यात खालच्या गटात होतं. ती काकांच्या खुर्चीला चिकटून उजव्या बाजूला बसायची आणि बाकीची पोरं चित्रं बघत असताना ही काकांचा हात बघत असायची. घरी जाताना त्या दिवसाचं पुस्तक न चुकता मागून न्यायची.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मेघालीबाई धावतपळत वाडीत आल्या. शनिवारी केंद्रप्रमुख वामन सर येणार होते. काकांचा तास बघायला, खास.

"सर नवीन पुस्तकं घेऊन येणारेत. त्यातलंच एक तुम्ही घ्यायचं. आधी पहिलं पान जसंच्या तसं वाचा, मग तुमची गंमत सुरू करा. म्हणजे त्यांना फरक कळेल."

शनिवारी सकाळी काका उठलेच नाहीत. अंगावर चादर ओढून ताप आलाय म्हणाले. वत्सलाबाईंनी कपाळाला हात लावून बघितला.

"ताप नाय. भ्या हाय," त्या म्हणाल्या. "गेलात नाय तर त्या बाईची मान खाली जाईल. गेलात तर तुमची. कुनाची परवडते ते तुमीच ठरवा."

काकांनी पेटीतून धुतलेलं धोतर बाहेर काढलं.

वर्ग झाडूनपुसून लख्ख केला होता. वामन सर मागे खुर्चीवर, मेघालीबाई फळ्यापाशी. सरांनी गठ्ठ्यावरचा प्लास्टिकचा कागद फाडला आणि वरचंच पुस्तक काकांच्या हातात दिलं. मुखपृष्ठावरच्या चित्रात विहीर होती, विहिरीत कासव होतं. काकांना जरा धीर आला. कासवाचं काहीतरी जुळवता येईल.

त्यांनी पहिलं पान उघडलं. पानावर चित्रच नव्हतं. वरपासून खालपर्यंत नुसत्या काळ्या ओळी.

"करा सुरुवात," वामन सर म्हणाले.

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. पोरं वाट बघत होती. बाई हसऱ्या तोंडाने उभ्या होत्या, आणि त्या तोंडाकडे बघून काकांना कसंसंच झालं. इतके दिवस आपण हिला फसवलं. आता पुरे, असं त्यांना वाटलं. ते खुर्चीतून अर्धवट उठले.

"साहेब," ते म्हणाले, "मला काय सांगायचंय..."

"सर, पयलं पान आमी वाचतो."

पूर्वी उभी राहिली होती.

"आजोबा मागनं. आमचा तसाच नेम हाय."

असा काही नेम नव्हता. केतनने हरकत घ्यायला तोंड उघडलं, पूर्वीने त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि ते मिटलं. मेघालीबाईंचा जीव मात्र खालीवर झाला. सरांपुढे वाचायला वर्गातली दुसरी कोणी मिळाली नाही का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं असणार.

पूर्वी काकांच्या खुर्चीला टेकली, पुस्तक त्यांच्याच हातात राहू दिलं आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"विहिरीत... एक... कासव राहत होतं. ते फार जुनं होतं. गावातल्या सगळ्यात म्... म्हा..."

बोट थांबलं. बोट शब्दाच्या सुरुवातीला परत गेलं.

"म्हाताऱ्या माणसापेक्षा जुनं."

तिने पान संपवलं. शेवटच्या ओळीपर्यंत ते बोट एकदाही उचललं गेलं नाही, आणि काकांची नजरही त्या बोटावरून हलली नाही. मेघालीबाईंनी हातातली वही उगाच छातीशी धरली. त्यांना रडू येत होतं. मग काकांनी पुढची पानं उलटली, कासवाला शिरगावच्या किल्ल्यावर चढवलं, पोरांनी पुस्तकात डोकावून त्यांना सात ठिकाणी पकडलं आणि वामन सर पोट धरून हसले.

सर गेले. पोरं खिचडीला बसली. काका ओट्यावर येऊन चपला घालू लागले, पण घरी न जाता तिथेच पायरीवर बसले. थोड्या वेळाने पूर्वी पुस्तक घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"कोनी सांगितलं तुला?" काकांनी विचारलं.

"कोनी नाय. तुमचं बोट हलत नाय, आजोबा. डोळं बी नाय हलत." तिने पुस्तक मांडीवर घेतलं. "मी बी तसंच करायची. दुसरी पोरं वाचायची ते पाठ करायची आन पुस्तक धरून बोलायची. बाईंना लय दिवस कळलंच नाय."

काका आवाज बारीक करून म्हणाले, "बाईंना सांगशील?"

पूर्वीने विचार केला.

"मी कशाला सांगू? तुमी सांगत होता मगाशी. तुमीच सांगा." तिने पहिलं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "हां. बगा."

"चष्मा घरी राहिला," काका म्हणाले. जिभेला सवयच तशी.

पूर्वी हसली नाही. त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे तिने एकदा बघितलं, त्यांचा हात उचलला, मातीने भेगाळलेलं बोट नीट धरलं आणि पहिल्या अक्षराखाली टेकवलं.

"वि," ती म्हणाली.

काकांनी मान वर केली. मेघालीबाई दारात उभ्या होत्या, कधीच्या कोण जाणे. त्यांच्या एका हातात पूर्वीचं खिचडीचं ताट होतं. काकांची आणि त्यांची नजरानजर झाली.

काकांनी बोट तिथेच राहू दिलं.

"वि," ते म्हणाले.